उंट गोल फिरतो

महदिया
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

हल्लूमा,

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत ईदच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, आणि तू तेवढंही नाही. आज हे जाड पाकीट बघून म्हणशील, ताई मरायला टेकली वाटतं. टेकलेली नाही. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे.

अरीज बाळ, नेहमीप्रमाणे आईला चष्मा सापडत नसेल तर तूच वाचून दाखव. सावकाश वाच, वाक्यांचे शेवट गिळू नकोस. तिकडे माझारात आपल्या देशाच्या लोकांची शाळा आहे म्हणून तुला अरबी येतं तरी, नाहीतर मावशीला सिसिलीपर्यंत हातवारेच करावे लागले असते. तुझे बाबा बोटीवर असतील तर त्यांना सलाम. घरी असतील तर सांग, ते जाळ्यापेक्षा कॅफेत जास्त दिसतात ही बातमी समुद्र ओलांडून इकडे आली आहे.

घर उभं आहे. गच्चीला यंदा चुना लावला. मागच्या खोलीतला तुझा माग चादरीनं झाकून ठेवलाय. रेशमाचे दोन व्यापारी येऊन विचारून गेले, दोघांनाही नाही म्हटलं.

येत्या जूनमध्ये मी निवृत्त होतेय. सदतीस वर्षं खडूची धूळ खाल्ली, आता थोडी हवा खाईन. शेवटच्या वर्षी नशिबात आली चौथीची दुसरी तुकडी: पस्तीस मुलं आणि एक योसर.

योसर म्हणजे शेदलीची मुलगी. बंदरावर बोटींच्या फटी बुजवतो तो शेदली. अकरा वर्षांची, दोनदा नापास झालेली, वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. तोंडानं तिखट, हरीसा चटणीचा डबाच जणू. परवा वाचनाचा तास चालू होता. दुसऱ्या बाकावरची मुलगी वाचायला उभी राहिली आणि ही बया दप्तरातून ओला रुमाल काढून सरळ माझ्या टेबलापाशी आली. रुमाल सोडला. आत जिवंत ऑक्टोपस.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आठ पाय आहेत, बाई. मोजून घ्या."

वर्ग हसत सुटला. ऑक्टोपस माझ्या हजेरीपटावरून चालत निघाला. ओरडाआरडा ऐकून मुख्याध्यापक लमीन सर धावत आले आणि दारातच थिजले, कारण त्यांना बिनहाडाच्या कशाचीही भीती वाटते. मला हसू आवरत नव्हतं, पण राग आल्यासारखं करावं लागलं. वाचनाचा तास तिथेच संपला.

"मोंजियाबाई," सर म्हणाले, "एकतर तुम्ही हिला वळण लावा, नाहीतर मी हिला घरचा रस्ता दाखवतो."

मी तिला कोपऱ्यात उभं केलं. भिंतीकडे तोंड करून ती उभी होती आणि, हल्लूमा, तिचे खांदे सैल होते. शिक्षा झालेल्या मुलाचे खांदे सैल नसतात. सुटका झालेल्याचे असतात. मी सदतीस वर्षांत हे पाहिलं नव्हतं, किंवा पाहूनही पाहिलं नव्हतं.

हे सगळं तुला का सांगत बसले कोण जाणे. लिहिता लिहिता लांबलं.

तुझी ताई


महदिया
रविवार, २१ डिसेंबर १९९७

हल्लूमा, आणि वाचणारी अरीज,

बाळ, तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस की आईनं योसरचा भाग तुला दोनदा वाचायला लावला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत बसली. त्या दिवशीच्या जेवणात कांदे होते का, ते लिहायला विसरलीस.

आईला योसरचं ऐकायचं असेल तर हे घे.

मी एक वही ठेवते. कोण कधी भांडलं, कोणी कोणाच्या ॲप्रनला गाठ मारली, असलं सगळं त्यात असतं. सुट्टी लागल्यावर ती वही घेऊन बसले. योसरच्या नावावर अकरा उद्योग होते. एकदा नाकात जैतुनाची बी अडकली, एकदा बाकावरून पडून बेशुद्ध पडल्याचं सोंग, एकदा शाई, एकदा तो ऑक्टोपस. अकराच्या अकरा वाचनाच्या तासाला. गणिताच्या तासाला एकही नाही. आणि प्रत्येक वेळी दुसरा बाक वाचत असताना. योसर तिसऱ्या बाकावर बसते.

म्हणजे पोर आधी मोजत होती. आपली पाळी किती दूर आहे ते बघायची आणि बरोबर त्या आधी काहीतरी पेटवून द्यायची. मी मात्र वहीत "उद्धट", "उनाड", "निर्लज्ज" असे शेरे लिहीत होते. अकरा शेरे, माझ्याच सुरेख अक्षरात.

सुट्टीच्या आधी तिला मधल्या वेळी एकटीला थांबवलं होतं.

"मारणार?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग बाबांना बोलावणार?"

"नाही. मी वाचते, तू ऐक. मग तू वाच."

पाचवीच्या पुस्तकातलं एक पान काढलं. तिनं ते पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. मी एकदा वाचलं. मध्ये मला ठसका लागला. मग पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. योसरनं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पान म्हणून दाखवलं, एक काना इकडचा तिकडे नाही. मला जिथे ठसका लागला होता तिथे तीही क्षणभर थांबली. आणि तिचं बोट ओळींखालून चाललं होतं, उजवीकडून डावीकडे, शांतपणे, वाचणाऱ्या माणसाचं चालतं तसं. फक्त ती म्हणत होती त्या ओळीच्या एक ओळ खाली.

मी पुस्तक मिटलं. तिला दोन खजूर दिले आणि म्हटलं, "जा, खेळ."

ते बोट मी आधी पाहिलं होतं, हल्लूमा. याहून जास्त आज लिहीत नाही.

शाळेच्या तपासणीला मोनास्तीरहून एक तरुण डॉक्टरीण येते. तिला योसरला दाखवलं. ती म्हणाली, डोळे ठीक, कान ठीक, डोकं तर उत्तम. काही मुलांच्या बाबतीत अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ लवकर बसत नाही. आळस नव्हे आणि खोटेपणाही नव्हे. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात म्हणे. अशा मुलांना मोठं अक्षर, थोडा मजकूर आणि भरपूर वेळ द्यायचा. मी विचारलं, "हे कधीपासून आहे?" ती हसली. "बाई, माणूस लिहायला लागला तेव्हापासून असेल की!"

आता वाईट बातमी. सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गप्रमुख मुलीनं योसरला "गाढव" म्हटलं आणि योसरनं तिचा दंड चावला. रक्त आलं. लमीन सरांनी शिक्षकांची सभा लावली आहे, गुरुवार, १९ फेब्रुवारी. तिला काढलं, तर दोनदा नापास झालेल्या मुलीला दुसरी कुठलीही शाळा घेणार नाही. शेदलीनं तर ठरवूनही टाकलंय. मला बंदरावर भेटला, डांबरानं हात काळे. म्हणाला, "डोकं नाही बाई तिला. तिच्या आत्याकडे मागावर बसवतो. निदान हात तरी चालतील."

डोकं नाही, मागावर बसवतो. बंदरावरून घरी येईपर्यंत हेच शब्द कानात वाजत होते. घरी येऊन तुझ्या मागावरची चादर काढली आणि पुन्हा घातली.

ताई


महदिया
रविवार, १८ जानेवारी १९९८

अरीज बाळ,

रमजान चालू आहे, तेव्हा मावशी खोटं बोलणार नाही. या पाकिटात आणखी एक बंद पाकीट आहे. ते उघडू नकोस. आईच्या हातात दे आणि विचार, "हे कोणी वाचायचं?" ती म्हणेल त्यानं वाचायचं. ती म्हणाली चुलीत टाक, तर चुलीत टाक. उगाच उत्सुकता दाखवू नकोस. तू माझी भाची आहेस, म्हणून सांगतेय.

मावशी

(आतलं पाकीट)

हल्लूमा,

हे कोण वाचून दाखवतंय मला ठाऊक नाही. अरीज असेल, तर तू तिला चष्म्याचं खरं सांगितलंस असं मी समजते. वीस वर्षं मीही त्या चष्म्याच्या खोटेपणात सामील आहे. तुझ्या सासरी मीच सांगितलं होतं, "तिचे डोळे अधू आहेत." मला वाटायचं, मी तुझी लाज झाकतेय. खरं तर मी माझीच झाकत होते.

तुला वाचता येत नाही, कारण मी तुला शिकवलं नाही. मी तुझी बहीणही होते आणि बाईही.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी एकवीसची झाले, मास्तरीण झाले आणि तू माझ्याच वर्गात आलीस. संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचे धडे मोठ्यानं वाचून तयारी करायचे, तू शेजारी मटार सोलत ऐकायचीस. सकाळी वर्गात तू घडाघडा "वाचायचीस" आणि माझी छाती फुगायची. आपल्याकडे पाठांतराला केवढा मान! ज्याला पाठ येतं त्याला येतं. मदरशात बाबा असेच शिकले होते, आजोबाही. तुला वाचता येतं का, हे तपासावं असं माझ्या मनातच आलं नाही, कारण तुला सगळं पाठ येत होतं.

मग मार्च १९६२. तपासनीस आले. स्वातंत्र्यानंतरची आम्हा मास्तरांची पहिली तुकडी, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. मी तुला उभं केलं, माझं हुकमी पान म्हणून. तू पहिला धडा म्हटलास: "उंट गोल फिरतो. दोर ओढतो. विहीर पाणी देते." साहेब खूश झाले. म्हणाले, "शाबास! आता हे वाच बरं," आणि त्यांनी खिशातलं वर्तमानपत्र तुझ्या हातात दिलं.

तू ते नीट धरलंस. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलंस. आणि त्याच स्वच्छ आवाजात सुरुवात केलीस: "उंट गोल फिरतो. दोर ओढतो."

साहेब हसले. मग वर्ग हसला. तू थांबली नाहीस. तुझं बोट फॉस्फेटच्या खाणीच्या बातमीवरून चाललं होतं आणि तोंडातला उंट गोल फिरत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी तू धडा पुरा केलास. मी तुला शिकवलं होतं ना, सुरू केलेलं अर्धवट सोडायचं नाही.

साहेब गेल्यावर मी काय केलं ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण आजवर मी ते तोंडानं कधी उच्चारलेलं नाही. खराब वही पाठीला टाचून मुलाला सगळ्या वर्गांतून फिरवायची रीत होती. फ्रेंच मास्तर गेले, रीत ठेवून गेले, आणि आम्ही ती इमानानं चालवली. मी तुझ्या ॲप्रनला पाठीमागे ते वर्तमानपत्र टाचलं. त्यावर लाल शाईनं लिहिलं: "खोटारडी." सहा वर्ग. प्रत्येक वर्गात मी दार उघडून धरलं. तुला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला. कोणाला विचारलास? मला. जिन्यावर. "ताई, काय लिहिलंय?" आणि मी वाचून दाखवलं.

एवढं तुला माहीत आहे. आता माहीत नसलेलं.

त्यानंतर तू शाळेत यायला नाही म्हणालीस. चार दिवसांनी बाबांनी मला अंगणात विचारलं, "मोंजिया, तू शिकलेली आहेस. पोरीला समजावून परत नेऊ, की राहू दे?" तुला आजवर वाटत आलं की बाबांनी तुला काढलं. बाबा तुला खांद्यावर घालून न्यायला तयार होते. मी म्हटलं, "राहू द्या. डोकं नाही तिला. काकूकडे मागावर बसवा, निदान हात चालतील."

हेच शब्द गेल्या महिन्यात शेदलीच्या तोंडून ऐकले.

तू वयाच्या दहाव्या वर्षी मागावर बसलीस आणि दोन वर्षांत नवरीच्या झग्याची किनार नमुना न बघता विणायला लागलीस. चारशे धाग्यांचा हिशेब डोक्यात. काकू म्हणायची, "ही काय जादू आहे?" आणि मी, शिकलेली, तरीही म्हणत राहिले की डोकं नाही.

आणि बाबांच्या नंतर, घराच्या कागदाच्या वेळी. कागद लिहिणाऱ्या अदूलनं दौत पुढे केली. तू पेन घ्यायला हात लांबवलास आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तिला येत नाही. अंगठा घ्या." तू माझ्याकडे पाहिलंस, अंगठा दिलास, आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं गेलीस. तू गेल्यावर फडताळात जुन्या कॅलेंडरची पानं सापडली. पाठीमागे प्रत्येक पानावर तुझं नाव. हल्लूमा, हल्लूमा, हल्लूमा. पहिल्या पानावर वाकडं, शेवटच्या पानावर सरळ. तू त्या एका सहीसाठी किती दिवस बसली होतीस? ती पानं मी आठ वर्षं जपून ठेवली आहेत आणि आठ वर्षं तुला कळवायची हिंमत झाली नाही.

मी तुझं वाटोळं केलं. हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येत नाही.

आता मागणं. भीक म्हण. १९ तारखेला सभेत मी कितीही डॉक्टरी सांगितली तरी लमीन सर जांभई देतील आणि शेदली म्हणेल, "डोकं नाही." मला तुझी गोष्ट सांगू दे. नाव घेणार नाही. "एक मुलगी होती" एवढंच म्हणेन. तू नको म्हणालीस, तर माझ्या ओठांवर कुलूप.

मोंजिया


महदिया
रविवार, २२ फेब्रुवारी १९९८

हल्लूमा, अरीज,

ईदनंतर आठवड्यानं तुमचं पत्र आलं. अक्षर अरीजचं, शब्द तुझे. तीन ओळी. "सांग. पण 'एक मुलगी' म्हणू नकोस. माझं नाव घे. मी काय चोरी केली होती का?" आणि खाली: "अंगठ्याचंही सांग."

तू माफ केलंस असं त्यात कुठे नाही. मी चार वेळा शोधलं. बरं झालं, ते नाहीये. फुकटचं मिळालं असतं तर मी ठेवलं कुठे असतं?

गुरुवारी दुपारी सभा. आम्ही पाच शिक्षक, लमीन सर, शेदली, आणि दाराबाहेर बाकावर योसर. दार मी मुद्दाम उघडं ठेवलं.

सरांनी वही वाचली. माझीच वही, माझेच अकरा शेरे. मग म्हणाले, "बाईंना काही म्हणायचंय?"

मी उभी राहिले. म्हटलं, "माझी धाकटी बहीण हल्लूमा याच शाळेत शिकत होती. या खोलीच्या बरोबर वरच्या वर्गात." आणि सगळं सांगितलं. उंट, वर्तमानपत्र, टाचणी, सहा वर्ग. कुठल्या दारापाशी मी किती वेळ उभी राहिले तेही. लाल शाईचा शब्द सांगितला. अंगणात बाबांना काय म्हणाले ते सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. माझा आवाज दोनदा गेला, पण मी सुरू केलेलं अर्धवट सोडलं नाही.

कोणी जांभई दिली नाही. सर चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. शेवटी म्हणाले, "बाई, हे सगळं चव्हाट्यावर सांगायची गरज नव्हती."

"गरज होती, सर. ती वही माझी आहे. त्यात जे लिहिलंय ते खोटं आहे. योसर उनाड नाही. तिला वाचता येत नाही, आणि ते कोणाला कळू नये म्हणून ती जिवाच्या आकांतानं उनाडपणा करते. कोपऱ्यात उभं राहणं तिला हसं होण्यापेक्षा बरं वाटतं. तुम्हाला नसतं वाटलं?"

शेदली इतका वेळ जमिनीकडे बघत होता. त्यानं मान वर केली.

"तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं, बाई?"

"मागावर बसली. चारशे धाग्यांची किनार नमुन्याशिवाय विणायची. लोक सूस शहराहून यायचे तिचं काम बघायला."

त्यानं काळे हात एकमेकांवर चोळले. मग म्हणाला, "म्हणजे डोकं होतं की तिला."

हल्लूमा, छत्तीस वर्षांपूर्वी अंगणात मी जे उत्तर द्यायला हवं होतं ते मी परवा एका डांबर लावणाऱ्याला दिलं.

"होतं," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगलं होतं."

योसर राहिली आहे. पण अट आहे. दंड चावल्याबद्दल ती त्या मुलीची माफी मागेल आणि महिनाभर तिचं दप्तर उचलेल. हे मीच सुचवलं, कारण वाचता येत नाही म्हणून चावायची मोकळीक नसते. आणि जूनच्या परीक्षेत अरबी वाचनात निदान दहा गुण हवेत, वीसपैकी. माझ्यावर जबाबदारी. सर म्हणाले, "दहाला एक कमी पडला तरी मग मला बोलायचं नाही."

बाहेर आले तेव्हा योसर तशीच बसली होती. सगळं ऐकलेलं.

"बाई, तुम्ही रडत होतात?"

"हो."

"तुमची बहीण मोठी झाली तरी तिला वाचता येत नाही?"

"नाही येत."

ती विचारात पडली. "मग तिला कोणी शिकवत का नाही? माझ्याबरोबर बसवा की."

हे ऐकून मी हसले, मग घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा काढलं. त्याच्या मागच्या बाजूला अरीजनं बारीक अक्षरात लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलंच नव्हतं. "मावशी, आईनं मला सगळं सांगितलं. मी खूप भांडले तिच्याशी, मला आधी का सांगितलं नाही म्हणून. आता जेवण झालं की आम्ही दोघी खिडकीत बसतो. पहिलीचं पुस्तक आणलंय. आई म्हणते, ताईला सांग, पुढचं पत्र मला वाचता येईल असं लिही."

अरीज, तू हे वाचून दाखवताना तुझी आई कुठे बघतेय?

मला थोडे महिने द्या. असं पत्र लिहिणं मलाही शिकावं लागेल. सदतीस वर्षं मी भरभर लिहिलं. सध्या योसरसाठी रोज एक पान तयार करते. एका पानावर चार ओळी, अक्षरं बोटभर उंच. पहिलीच्या पुस्तकात अक्षरांवर उच्चाराच्या खुणा असतात आणि चौथीत त्या गाळून टाकतात, मुलांना आता येतंच असं धरून. त्या सगळ्या मी लाल शाईनं परत घालते. त्याच रंगाची शाई. दुकानात ती बाटली हातात घेताना मला किती वेळ लागला, ते दुकानदाराला विचार.

ताई


महदिया
रविवार, २८ जून १९९८

हल्लूमा,

हे तुला. अरीजला देऊ नकोस.

खुणा सगळ्या घातल्या आहेत. घाई नाही. दोन दिवस लागले तरी चालेल.

योसर पास झाली. विसात अकरा.

धडा नवा होता. पाठ नव्हता. सात चुका झाल्या. ती थांबली नाही.

मी आता घरी असते. शाळा सुटली माझी.

तू खोटारडी नव्हतीस. मी चुकले. लाल शाईने लिहिते आहे. नीट बघ.

माग झाडून ठेवला.

अदूलकडे गेले. घराचा नवा कागद केला. जुना फाडला. वर माझी सही आहे. खाली जागा आहे.

तो विचारत होता, अंगठा कधी घेऊ?

मी सांगितलं, अंगठा नाही. माझी बहीण सही करते.

ये.

ताई